मिनेसोटातल्या 'लेक'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय: बहीण मिनियापोलिसला असते, घरामागच्या लेकला ती 'तलाव' म्हणते, आईचं म्हणणं 'सरोवर' म्हण, आणि भाचा सरळ 'लेक' म्हणून मोकळा होतो. बरोबर कोण?

आधी भाच्याचं बघू. लेक म्हणायला ना नाही, पण आपल्याकडे एक लेक आधीपासून आहे आणि ती दिवाळीला माहेरी येते. मिनेसोटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर '१०,००० लेक्स' असं लिहिलेलं असतं, हे मी एकदा घरी सांगितलं तर आजी म्हणाली, अगंबाई, एवढ्या लेकी उजवायच्या कशा! (आकडा तसा कमीच सांगितलाय, दहा एकर आणि त्याहून मोठी अशी मोजली तरी ११,८४२ भरतात.)

आता सरोवर. सरस् म्हणजे तळं (सरोज, सरसिज यातलं तेच), आणि वर म्हणजे श्रेष्ठ, म्हणजे तळ्यांमधलं थोर तळं. म्हणून आपण मानससरोवर म्हणतो, पंपासरोवर म्हणतो, लोणारला सरोवर म्हणतो, पण गुरं जिथे पाण्यावर नेतो त्याला कोणी सरोवर म्हणत नाही. मिनेसोटात हा मान एकट्या सुपिरिअरला शोभतो, पाणी पसरलंय ८२ हजार चौ. किमीवर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागापेक्षा जास्त, आणि खोली ४०६ मीटरपर्यंत. अर्थात ते एकट्या मिनेसोटाचं नाही, विस्कॉन्सिन, मिशिगन आणि कॅनडाही वाटेकरी आहेत. गंमत अशी की सुपिरिअर म्हणजे श्रेष्ठ असं आपल्याला वाटतं पण फ्रेंचांनी ते नाव दिलं ते 'वरच्या अंगाचं तळं' एवढ्याच अर्थाने. मराठीत 'वर'चे दोन्ही अर्थ आहेतच, त्यामुळे सरोवर शब्द तिथे दोन्हीकडून बसतो!

बहिणीचा तलाव चूक नाही, पण माझ्या कानाला तलाव म्हटलं की बांध दिसतो. पवई, विहार, पाझर तलाव, सगळे माणसाने केलेले. भंडाऱ्याला 'तलावांचा जिल्हा' म्हणतात, तिथले मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी लोकांनी धानाच्या शेतीसाठी पिढ्यानपिढ्या बांधलेले, आणि त्याहून लहान ती बोडी. आपल्या दख्खनच्या दगडावर हिमयुगातला बर्फ कधी चालून आला नाही, त्यामुळे नैसर्गिक तळी मुळात थोडी, पाणी हवं तर अडवायचं, म्हणून रोजच्या बोलण्यातला शब्द अडवलेल्या पाण्याचाच झाला असावा असं मला वाटतं. मिनेसोटात उलटं. तिथे हिमनद्या मागे सरताना बर्फाचे मोठमोठे तुकडे गाळात पुरले गेले, ते सावकाश वितळले, खड्डे राहिले, त्यात पाणी साठलं, कोणी कुदळ मारली नाही की बांध घातला नाही. आग्नेय कोपऱ्यात रॉचेस्टरच्या बाजूला (मेयो क्लिनिकवालं गाव) मात्र शेवटच्या खेपेचा बर्फ पोचला नाही, म्हणून त्या ओल्मस्टेड काउंटीत नैसर्गिक तळं एकही नाही, जे पाणी साठलेलं दिसतं ते अडवलेलं. त्याला बहिणीने खुशाल तलाव म्हणावं.

मग घरामागच्याला काय? माझं मत तळं. छोटा, घरगुती शब्द आहे, आणि कोणी केलं हे विचारत नाही. आणि तिथल्या मूळच्या डकोटा लोकांच्या भाषेतही असाच छोटा शब्द आहे, 'ब्डे'. मिनियापोलिसमधल्या ब्डे माका स्का या नावात तो आहे, म्हणून 'लेक ब्डे माका स्का' म्हटलं की तळं दोनदा होतं. 'म्नी' म्हणजे पाणी, ते मिनेसोटात आहे, मिनेटोंकात आहे, आणि मिनियापोलिसमध्ये त्याला ग्रीक पोलिस म्हणजे नगर चिकटवलंय, आपल्या पाणशेतच्या शेजारी बसेल असं नाव.

हिवाळ्यात आणखी एक घोळ होतो. बहीण फोनवर 'तळ्यावर बर्फ आहे' म्हणाली तर वरून पडलेला भुसभुशीत बर्फ की पाणीच दगडासारखं झालंय ते कळत नाही, आपल्याला दोन्हीला एकच शब्द. तिथे फरक जिवाचा आहे, लोक त्या बर्फावर मोटारी नेतात, भोक पाडून मासे धरत बसतात, आणि टॉवर गावाजवळ १९९६च्या फेब्रुवारीत पारा उणे ५१ सेल्सिअसपर्यंत उतरला होता. तेव्हा 'बर्फ पडलाय' आणि 'तळं गोठलंय' असं वेगळं म्हणावं. थिजलंय नको, थिजतं ते तूप आणि खोबरेल.

आणि हिंदीतली झील तर अजिबात नको. आपल्याकडे झील शाहिराच्या मागे उभं राहून ओढतात.