गुलमर्गचा बेसिक कोर्स झालाय, ऑस्ट्रियाला जाताना स्वतःला 'इंटरमीडिएट' म्हणू का?

तुम्ही लिहिलंय की गुलमर्गला 14 दिवसांचा बेसिक कोर्स केलात, शेवटी कोंगडोरीहून, म्हणजे गोंडोलाच्या (रोपवेच्या) पहिल्या टप्प्याच्या वरच्या स्थानकाहून, खालपर्यंत न पडता उतरलात आणि आता फेब्रुवारीत मित्रांबरोबर ऑस्ट्रियातल्या टायरोलला निघालाय. मित्रांचं म्हणणं, स्की भाड्याने घेताना फॉर्मवर इंटरमीडिएट लिही आणि आमच्याबरोबर लाल, म्हणजे मध्यम अवघड, उतारांवर चल. मी म्युनिकला राहते आणि हिवाळ्यात त्याच डोंगरांत स्की करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कुठल्या उतारावरून खाली आलात यावरून स्वतःला जोखू नका. मांड्या भरून येईपर्यंत स्नोप्लाऊ (स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची फाकवून वेग धरणं) दाबत, लांबच लांब तिरके जात माणूस जवळजवळ कुठूनही खाली येतो. वळण कुठे घ्यायचं, वेग किती ठेवायचा आणि कुठे थांबायचं, हे तुम्ही ठरवता की उतार ठरवतो, एवढंच पाहायचं.

हे तपासायला निळा, म्हणजे सोपा, उतार पुरतो. कडेला खुणेच्या काठ्या रोवलेल्या असतात. त्यातली एक वरूनच हेरा आणि बरोबर तिच्याशेजारी थांबा. एकदा डावीकडे वळून, एकदा उजवीकडे. जवळजवळ प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते, आणि त्या बाजूचं वळण आलं की माणूस नकळत ते टाळत आडवा पुढे जात राहतो. तुमची पातळी त्या कच्च्या बाजूची धरा.

मग साइडस्लिप. स्की उताराला आडव्या ठेवायच्या, कडा थोड्या सैल सोडून सरळ खाली घसरायचं आणि कडा रुतवून थांबायचं. दिसायला हे फार साधं, त्यामुळे कोर्सनंतर कुणी त्याचा सराव करत नाही. पण एखाद्या अरुंद, कडक जागी वळायचं धाडस झालं नाही तर सुटका यानेच होते. दोन्ही बाजूंनी साइडस्लिप येत नसेल तर लाल उतारावर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट हळू वेगाची. वेग असला की स्की आपोआप समांतर येतात आणि आपल्याला वाटतं पॅरलल टर्न जमला. तोच टर्न अगदी संथ वेगात घेऊन पाहा. वळणाच्या सुरुवातीला मागची टोकं फाकली, तर स्नोप्लाऊ अजून सुटलेला नाही. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली आहे का, तेही बघा. मांड्यांचा पुढचा भाग लवकर जळायला लागला तर वजन मागे पडतंय.

हे सगळं दुपारी करा, कारण सकाळी उतार रात्रभर यंत्राने दाबून गुळगुळीत केलेला असतो आणि त्यावर सगळेच बरे दिसतात. दोन वाजेपर्यंत मऊ बर्फाचे ढिगारे होतात, मध्ये घासून काचेसारखे कडक पट्टे उघडे पडतात आणि पायही थकलेले असतात. तेव्हा जे जमतं ते खरं.

आता रंगांबद्दल. ऑस्ट्रियात साधारणपणे निळा उतार 25 टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे 14 अंश, लाल 40 टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे 22 अंश, आणि त्यापुढे काळा. पण रंगात त्या दिवशीचा बर्फ, गर्दी किंवा रुंदी मोजलेली नसते. जंगलातून जाणारी निळी अरुंद वाट नवख्याला रुंद लाल उतारापेक्षा जड जाते, कारण तिथे वेग कमी करायला जागाच नसते.

गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा या हिशोबात धरू नका. अफरवट डोंगरावरचे ते उतार यंत्राने दाबलेले नसतात, आणि हिमस्खलनाचं ज्ञान नसेल तर उत्तम स्की येऊनही उपयोग नाही. फेब्रुवारी 2023 आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे स्कीअर हिमस्खलनात दगावले आहेत.

राहिला फॉर्म. तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीअरचा टाइप यांवरून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती जोर आला की सुटेल ते ठरतं. टाइप एक म्हणजे सावकाश जाणारा, टाइप तीन म्हणजे वेगाने तीव्र उतारांवर जाणारा. टाइप वाढवून सांगितला की बाइंडिंग उशिरा सुटतं, आणि नवख्याच्या संथ, पिळवटणाऱ्या पडण्यात नेमकं ते लवकर सुटायला हवं असतं. वजनही खरं सांगा. शिवाय बाइंडिंग मुख्यतः नडगीचं हाड वाचवतं, गुडघ्याच्या लिगामेंटची हमी देत नाही.

तुमच्या वर्णनावरून मी टाइप एक लिहीन. स्की स्कूलचे निदान पहिले दोन दिवस घ्या, आणि तिथे इंटरमीडिएट हा शब्द न वापरता सरळ सांगा की कोंगडोरीहून खाली आलोय, स्नोप्लाऊ पक्का आहे, पॅरलल अधूनमधून जमतं, लालवर कधी गेलो नाही. शिक्षक पहिल्या सकाळी चार वळणं बघून गट ठरवतात. जड गेलं किंवा फारच सोपं वाटलं तर गट बदलून मागा, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मित्रांना दुपारच्या जेवणाला डोंगरावर भेटा.