संदर्भ आहे, पण लेख कुठे आहे?

प्रश्न : मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे. साहित्याच्या आढाव्यासाठी चॅटजीपीटीकडून २५ संदर्भ घेतले. मार्गदर्शक म्हणाल्या, यातले काही लेख अस्तित्वातच नाहीत. नावं तर सगळी ओळखीची होती! आता यादी टाकून द्यावी का?

टाकू नका, तपासा. चॅटबॉट संदर्भ कुठल्या कपाटातून काढून देत नाही. पुढे कोणता शब्द येईल याचा अंदाज घेत तो मजकूर जुळवत जातो. त्यामुळे लेखक खरा असतो, नियतकालिक खरं असतं, विषयही त्याच लेखकाचा असतो. लेख मात्र कुणी लिहिलेलाच नसतो. नाव ओळखीचं वाटलं की आपण तपासत नाही, तिथेच फसगत होते.

इंग्रजी लेखांपासून सुरुवात करा. डीओआय क्रमांक (प्रकाशित लेखाला मिळणारा कायमचा ओळखक्रमांक, तो १० या आकड्याने सुरू होतो) डीओआयच्या अधिकृत संकेतस्थळावर टाका. पान उघडलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण बनावट संदर्भाला दुसऱ्याच लेखाचा खरा क्रमांक चिकटलेला आढळतो. शीर्षक, लेखक, वर्ष, खंड आणि पानं, पाचही जुळली पाहिजेत. प्रबंधाचा संदर्भ असेल तर ‘शोधगंगा’ या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात शोधा, तिथे नाही म्हणजे प्रबंधच नाही असं मात्र नाही, मग त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा.

मराठी नियतकालिकांना बहुधा डीओआय नसतो, त्यामुळे खरी परीक्षा तिथे असते. एक साधा हिशेब उपयोगी पडतो. ‘नवभारत’ मासिक १९४७ साली सुरू झालं. तेव्हा १९८५च्या अंकावर ‘वर्ष १२’ असूच शकत नाही. ते ३८च्या आसपास हवं. यादीत असा विसंगत आकडा दिसला की तो संदर्भ लगेच बाजूला काढा. आकडा जुळला तरी काम संपत नाही. अंक हातात घ्या, पान उघडा.

आणि लेख खरा निघाला, तरी त्याचा चॅटबॉटने दिलेला सारांश प्रबंधात उतरवू नका. ‘संबंध आढळला’ आणि ‘संबंध आढळला नाही’ यांत एका शब्दाचा फरक असतो आणि तो सारांशात सहज गळतो. जो लेख वाचला नाही, तो संदर्भसूचीत नको. २५ पैकी ९ उरले तर ९च द्या.

प्रश्न : आशा सेविकांच्या ४० मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आहेत. एआयकडून उतरवून घेतल्या तर चालेल का?

आधी संमतीपत्र काढून बघा. ‘ध्वनिमुद्रण फक्त संशोधकाकडे राहील’ असं त्यात लिहिलं असेल, तर ते बाहेरच्या सेवेवर चढवणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं. अशा वेळी व्हिस्परसारखं, बोलणं ऐकून लिहून काढणारं एआय मॉडेल स्वतःच्या संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून चालवता येतं. मात्र बाई बोलता बोलता थांबली, नुसतीच शांतता असली, की ते कधी कधी न उच्चारलेली वाक्यं घालतं. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणं प्रमाण मराठीत ‘सुधारून’ टाकण्याचाही धोका असतो. म्हणून प्रत्येक मुलाखत ध्वनिमुद्रण ऐकत ओळीओळीने ताडून घ्या.

नाव काढलं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. लहान गावात आशा सेविका एखाद-दोनच असतात. गावाचं नाव राहिलं तरी ती कोण हे सगळ्यांना कळतं. गावालाही संकेतांक द्या आणि संकेतांकांची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवा.

प्रश्न : माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण तपासणीत ‘४२ टक्के एआय’ निघालं. सगळं मीच लिहिलंय! यूजीसीच्या नियमाने कारवाई होईल का?

दोन वेगळ्या टक्केवाऱ्यांची गल्लत होते आहे. यूजीसीच्या २०१८च्या नियमांतली टक्केवारी इतरांच्या मजकुराशी असलेल्या साम्याची आहे. तिथे १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य असेल तर प्रबंध ६ महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. एआय ओळखणाऱ्या साधनाचा आकडा हा निव्वळ अंदाज असतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये बंद केलं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांचे इंग्रजी निबंध ही साधनं वारंवार ‘यंत्राचे’ ठरवतात, हे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३मध्ये दाखवलं. नुसत्या या आकड्यावरून विद्यार्थ्याला दोषी धरणं आम्हाला अन्यायकारक वाटतं.

मार्गदर्शकांकडे पुरावा घेऊन जा : गूगल डॉक्समधला बदलांचा इतिहास, जुने मसुदे, वहीतली टिपणं. त्या प्रकरणावर तोंडी प्रश्न विचारा, असं स्वतःहून सांगा.

एआय थोडं जरी वापरलं असेल, तर ते आधीच नोंदवा, विद्यापीठाचा ठरावीक नमुना असेल तर त्यात, नाहीतर असं : ‘प्रकरण ३मधील इंग्रजी व्याकरण तपासण्यासाठी अमुक साधन (आवृत्ती, महिना, वर्ष) वापरले, सुचवलेले बदल मी स्वतः पडताळले. विश्लेषण व निष्कर्षांसाठी एआय वापरलेले नाही.’ विश्लेषणासाठी वापरलं असेल, तर ते संशोधनपद्धतीच्या प्रकरणात, एआयला दिलेल्या सूचनांसह यायला हवं.