‘प्लाझ्मा विंडो’ला ‘वातायन’ म्हणू नये

जळगावच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने विचारले आहे की, ‘प्लाझ्मा विंडो’साठी ‘प्लाझ्मा वातायन’ हा त्याच्या प्राध्यापकांनी सुचवलेला शब्द चालेल का, आणि त्यातल्या ‘आर्क’ला मराठीत काय म्हणावे.

वातायन चालणार नाही. विंडो दिसली की वातायन लिहून मोकळे व्हायचे, ही खोड हल्ली फार बोकाळली आहे. वात म्हणजे वारा, अयन म्हणजे जाण्याची वाट; आणि हे उपकरण तर वाऱ्याचीच वाट अडवते. एडी हर्शकोविच यांनी अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९९५ च्या सुमारास पुढे आणलेल्या या युक्तीत एका बाजूला निर्वात असतो, दुसऱ्या बाजूला साधी हवा, आणि मध्ये ना काच ना पत्रा. पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या चकत्यांची चळत रचून, त्यांच्या मधोमध असलेल्या काही मिलिमीटरच्या भोकात आर्क, म्हणजे विजेची अखंड ठिणगी, सतत पेटता ठेवतात; त्याने तापून विद्युतभारित कणांचा झालेला वायू तोच प्लाझ्मा. तिथले तापमान सुमारे १५,००० केल्विन, म्हणजे खोलीतल्या हवेच्या पन्नासपट असल्यामुळे तितकाच दाब धरायला पन्नासाव्या हिश्श्याइतकेच कण पुरतात. शिवाय तापलेल्या वायूची चिकटाई वाढून तो अरुंद वाटेत रेंगाळतो. जे थोडे गळते ते पंप उपसतात. निर्वातात तयार केलेला, वेल्डिंगसाठीचा इलेक्ट्रॉनांचा झोत मात्र यातून पार होतो, त्यामुळे वेल्डिंगचा सुटा भाग निर्वात पेटीत ठेवावा लागत नाही.

आता ‘खिडकी’ पाहा. संस्कृत कोशांतील ‘खडक्किका’ म्हणजे बाजूचे किंवा मागचे दार, प्राकृतात ‘खडक्की’, आणि नंदुरबारची शीव ओलांडली की गुजरातीत ‘खडकी’ म्हणजे आजही आत शिरण्याचा दरवाजाच. जुन्या वाड्याचा मोठा दरवाजा बंद ठेवून एकेका माणसाला आत घेण्यासाठी त्यातच जे लहान दार असे, तीही खिडकीच. सगळ्यांना अडवून एकालाच वाट देणारी ही जागा आणि हवा अडवून झोत सोडणारा आर्क यांचे काम एकच आहे. खिडकीचा अर्थ केवळ ‘उजेडासाठी ठेवलेले भोक’ एवढाच देणाऱ्या कोशकारांनी शब्दाचा पूर्वार्धच कापून टाकला आहे, आणि त्यांच्याच भरवशावर ‘खिडकी हा शब्द शास्त्राला हलका पडतो’ असे म्हणणाऱ्यांनी गुजरातीकडे एकदा तरी कान द्यायला हवा होता. माझ्या मते ‘प्लाझ्मा खिडकी’ हा शब्द मूळ इंग्रजीपेक्षाही सरस आहे, कारण ‘विंडो’चे नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतले, मूळही ‘वाऱ्याचा डोळा’ असेच आहे.

प्लाझ्मासाठी विश्वकोशाने योजलेला ‘आयनद्रायू’, म्हणजे द्रव आणि वायू यांच्या सांध्यातून घडवलेला ‘द्रायू’, मला मनापासून आवडतो. परंतु तो ग्रंथाबाहेर पडला नाही. आर्कचे म्हणाल, तर भूमितीतला ‘चाप’ इथे नको, कारण इथे वाकलेपणाला महत्त्व नाही. लेखात ‘विद्युत प्रज्योत’ लिहावे, आणि वेल्डिंगच्या दुकानात सगळे म्हणतात तसे आर्कच म्हणावे.