वाचकांचे प्रश्न : कुमासीत राहावयास जाताना

प्रश्न : माझ्या पतींना घानातील कुमासी शहरात नोकरी मिळाली असून डिसेंबरात आम्ही तेथे जात आहोत. आम्ही शाकाहारी आहोत. परक्या माणसाला तेथील नित्याच्या व्यवहारात कोणत्या अडचणी येतात आणि शेजाऱ्यांशी कसे वागावे?

उत्तर : भाषेची काळजी करू नका. घरोघरी ट्वी बोलली जात असली, तरी घानाची राजभाषा इंग्रजी आहे. परक्या माणसाचे अडते ते त्याच्या घाईमुळे. दुकानात शिरताच अभिवादन न करता थेट भाव विचारणे तेथे उद्धटपणाचे मानले जाते. आधी नमस्कार, मग ख्यालीखुशाली, मग काम, हा क्रम केजेतियाच्या प्रचंड बाजारातील विक्रेतीपासून कार्यालयातील अधिकाऱ्यापर्यंत सर्वत्र पाळावा लागतो. चारचौघे बसले असतील, तर उजवीकडून सुरुवात करून प्रत्येकाशी हस्तांदोलन करतात. देणे, घेणे आणि हात हलवून निरोप देणे हे सारे उजव्या हातानेच. डावखुऱ्यांना याची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

रस्त्यात मुले ‘ओब्रोनी’ म्हणजे ‘परदेशी’ अशी हाक मारतील. तीत बहुधा कुतूहलच असते, तेव्हा रागावू नये. आपण कोणत्या वारी जन्मलात हे मात्र पाहून ठेवा, कारण ट्वी बोलणाऱ्या आकान समाजात जन्मवारावरून नाव पडते आणि शुक्रवारी जन्मलेला पुरुष कोफी, तर शनिवारी जन्मलेली स्त्री आमा होते. आपले असे नाव सांगितले की शेजारी हसून बोलू लागतात.

शनिवारी लाल-काळ्या वस्त्रांतील माणसांचे जथे दिसतील. ते अंत्यविधीला निघालेले असतात. शेजाऱ्याने बोलावल्यास अवश्य जावे आणि यथाशक्ती रक्कम द्यावी. तिची पावती मिळते आणि पुष्कळदा देणगीदाराचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते, याचा संकोच वाटू देऊ नये. केवळ भारतीयांच्या वर्तुळात राहून वर्षे काढणारी कुटुंबे असतात. आमच्या मते त्यांच्या वाट्याला तेथील जगण्याचा फार थोडा भाग येतो.

जेवणाबाबत सावध राहावे. तांदूळ व चवळी एकत्र शिजवून केलेले वाचे आणि तळलेली केळी आपणास रुचतील, परंतु सोबतच्या शितो या काळ्या तिखट चटणीमध्ये सुकी मासळी असते. ‘मांस नको’ म्हटल्यावरही रश्शात मासा येऊ शकतो, म्हणून मासळीचा वेगळा उल्लेख करावा. कोन्तोमिरे ही अळूच्या कुळातील पानांची भाजी घरी करण्याजोगी आहे.

ट्रोट्रो नावाच्या सामायिक गाड्या बहुधा भरल्याशिवाय सुटत नाहीत. भाड्यासाठी सेडी या घानाच्या चलनातील सुटे पैसे जवळ ठेवावेत. आपण पोहोचाल तेव्हा सहाराकडून येणारे हरमॅटन हे कोरडे, धुळीचे वारे सुरू झालेले असेल, म्हणून ओठांसाठी मलम न्यावे. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी, कारण तिच्या प्रमाणपत्राशिवाय घानात प्रवेश मिळत नाही. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना त्याच भेटीत विचारावे.