मी दारू पीत नाही, तरी दात काढताना भूल चढली नाही. पिणाऱ्यांनाच भूल चढत नाही म्हणतात, ते खरं आहे का?

साफ खोटं. तुम्हाला हे ज्यानं सांगितलं त्याची आणि माझ्या मामांची गाठ घालून द्या, दोघांचं चांगलं जमेल.

माझी खालची दाढ पिकली होती, गाल भाकरीवानी फुगलेला. गंगाखेडच्या दातवाल्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी गोळ्या घ्या, सूज उतरू द्या, मग काढू. सोबत आलेले मामा म्हणाले, "आजच उपटा, परत गाडीभाडं कोण घालतं?" डॉक्टर तयार झाले. सुई दिली, ओठ बधिर झाला, पण चिमटा लागल्याबरोबर मी जी बोंब मारली ती बाहेरच्या बाकापर्यंत गेली. बाकावर मामा. सगळ्यांसमोर म्हणाले, "हे गुपचूप घेतंय. पिणाऱ्याला भूल चढत नसती." माझ्या गळ्यात तुळशीची माळ! मी घरी पोचायच्या आत ही बातमी पालमला पोचली. त्यात सोयरिकीची बोलणी चालू होती. एका पाव्हण्यानं वडिलांना आडून विचारलंसुद्धा.

पुढं मी डी. फार्म. (औषधनिर्माणाचा डिप्लोमा) केलं ते याच रागात, असं बायको म्हणते.

तर दातवाले देतात ते बहुतेक वेळा लिग्नोकेन, 1943 साली स्वीडनमध्ये बनलेलं. मज्जातंतूत सोडियम शिरलं की दुखण्याचा निरोप पुढं सरकतो. हे औषध सोडियमची वाट आतल्या बाजूनं बंद करतं, म्हणून निरोप मेंदूपर्यंत जातच नाही. पण आतून बंद करायचं तर आधी तंतूच्या आवरणातून आत शिरावं लागतं, आणि ते औषधाच्या विद्युतभार नसलेल्या कणांनाच नीट जमतं. पू झालेल्या जागी आम्लता वाढते, बरेचसे कण भारित होऊन बाहेरच अडकतात. शिवाय सुजेतले तंतू चिडलेले असतात, नेहमीच्या डोसला दाद देत नाहीत. यात दारू आली कुठून?

आणि मामा स्वतः? रोजचे घेणारे. त्यांच्या हर्नियाला मणक्यातून भूल दिली, बेंबीखाली सगळं गार, ऑपरेशन होईपर्यंत भूल टिकली. सिझेरियनला देतात तीच. (तिच्यानं कायमची कंबर धरते हे मामींचं म्हणणं, तो वेगळा वाद आहे.) विंचू चावल्यावर बोट बधिर करतात तेही बऱ्याचदा लिग्नोकेननंच. पण त्यानं कळ थांबते, विष नाही. लाल विंचू असेल तर प्राझोसिन नावाचं औषध लागतं, दवाखाना टाळू नका.

तुमचं खरंच दुखलं की नुसती ओढ बसली, हेही आठवून बघा. दुखण्याचे बारीक तंतू आधी बंद पडतात. दाबल्याचं, ओढल्याचं कळत राहतं. खालच्या दाढेची सुई कधीकधी मज्जातंतूजवळ नीट पोचतही नाही, तेव्हा डॉक्टर दुसरी देतात. मागून घ्या, लाजू नका.

आता राहिलेलं. पू असला तरी काही वेळा दात लगेच काढावा लागतो, ते डॉक्टरांनी ठरवायचं, मामांनी नाही. जबर पिणाऱ्याला पूर्ण बेशुद्ध करताना औषधाचं प्रमाण बदलावं लागू शकतं, म्हणून पीत असाल तर खरं सांगा. दातांच्या सुईत बहुधा ॲड्रेनलिन (रक्तवाहिन्या आवळणारं, हृदयाची धडधड वाढवू शकणारं औषध) असतं, तेव्हा हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर तेही आधीच सांगून टाका.