दोन मोठे, एक मूल आणि मालवणचा किनारा: फुगवायची बोट कोणती, मोटर कितीची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहता, सासुरवाडी मालवणजवळ. सुट्टीत तुम्ही दोघं आणि दहा वर्षांचा मुलगा अशा तिघांना किनाऱ्यालगत फिरायला, गळ टाकायला फुगवायची बोट हवी. डिकीत मावते म्हणून अडीच मीटरची बोट आणि उचलायला हलकी म्हणून अडीच एचपीची मोटर मनात आहे. पुरेल का?

खाडीत पुरेल, समुद्रात नाही. जवळजवळ अशीच जोडी घेऊन मी एकदा तोंडावर आपटलोय, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतो.

माझं घर देवबागेत, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथून चालत दहा मिनिटांवर. पहिली बोट 2.7 मीटरची, तळाला लाकडी पट्ट्या, मागे अडीचची मोटर. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मित्राला घेऊन बाहेर पडलो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा पाठीशी, समुद्र तेलासारखा. दुपारी दोनला परत फिरलो तेव्हा उधाणाची ओहोटी जोरात लागली होती आणि वायव्येचा वारा सुटला होता. नदीचं पाणी बाहेर येतंय, वारा आत ढकलतोय. अशा वेळी मुखावर लाटा आखूड आणि उभ्या होतात. मोटर पूर्ण पिळली. काठावरचा एक वाकडा माड खूण म्हणून धरला होता. दहा मिनिटांनी पाहिलं तर माड होता तिथेच. शेवटी एका होडीवाल्या काकांनी दोरी टाकून आत ओढलं. वर ऐकवलं, "जावक कोणय जाता रे, येवचा कसा ता आधी बघूचा."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हे गणित मला शाळेपासून येत होतं. त्या दिवशी केलं नाही, एवढंच.

आता त्यामागचं कारण. बोट पाण्यावर उचलली जाऊन पळत नसेल, तर तिचा वेग लांबीने बांधलेला असतो. 2.7 मीटरच्या बोटीला तो साधारण 4 नॉट, म्हणजे ताशी सात किलोमीटरच्या आसपास. त्यात समोरून पाण्याचा ओढ आणि लाट आली की हातात काहीच उरत नाही. तिघांसाठी 3.3 मीटरच्या खाली जाऊ नका आणि बोट वजनासकट उचलली जाईल एवढी मोटर घ्या. त्या मापाला 8 ते 10 एचपी. बोटीच्या मागच्या फळीवर एक पट्टी असते. जास्तीत जास्त किती एचपी, किती माणसं, किती किलो ते तिच्यावर लिहिलेलं असतं. त्यापुढे जायचं नाही. त्याच पट्टीवर सी किंवा डी असा वर्गही दिसेल. डी म्हणजे 30 सेंटीमीटरच्या आसपासची लाट, थोडक्यात तलाव आणि शांत खाडी. तुम्हाला सी हवा.

मोठी मोटर म्हणजे वजन, आणि ते वाळूतून तुम्हालाच न्यायचंय. 6 एचपीचं फोर-स्ट्रोक साधारण 25 किलोला मिळतं, पण 9.9 चं घ्यायला गेलात की 37 ते 40 किलो. माझ्याकडे सध्या 8 एचपीचं टू-स्ट्रोक आहे, 27 किलोच्या आसपास. आवाज करतं, धूर सोडतं, पेट्रोल जास्त पितं, तरी मी त्यावरच खूश आहे. कारण गावातल्या होड्यांना अशीच मशिनं आहेत. पंखा वाकला, इम्पेलर (मोटर गार ठेवायला पाणी खेचणारी रबरी चकती) गेला तर संध्याकाळपर्यंत मिस्त्री सापडतो. पुण्यातून घेताना दुकानदाराला सवलत नंतर विचारा, आधी विचारा की मालवण-वेंगुर्ल्यात याचे सुटे भाग कोण ठेवतं. टू-स्ट्रोक घेतलंत तर लिटरला 20 मिलिलिटर या हिशोबाने तेल, तेही आउटबोर्डचं, म्हणजे बोटीच्या मोटरचंच. स्कूटरचं नको. फोर-स्ट्रोक डिकीत आडवं ठेवताना कोणती बाजू खाली ते माहितीपुस्तकात बघा, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये उतरतं. बॅटरीची मोटर खाडीत झकास. समुद्रात मी नेणार नाही.

शाफ्ट म्हणजे मोटरपासून खाली पंख्यापर्यंतचा दांडा. आखूड म्हणजे 15 इंच आणि लांब म्हणजे 20 इंच. लहान फुगवायच्या बोटींना बहुधा आखूड लागतो, तरी फळी मोजूनच घ्या. लांब शाफ्ट आला तर उथळ पाण्यात पंखा आधी वाळू खणतो, मग बोट चालते.

कापडाचं म्हणाल तर बाजारात बहुतेक पीव्हीसी. हायपॅलॉन हे रबरी कापड महाग, पण उन्हात टिकतं. वर्षातून पंधरा-वीस दिवस वापरणार आणि एरवी सावलीत ठेवणार असाल तर चांगलं पीव्हीसी चालेल. माझी पहिली बोट मी मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवली होती. फळीजवळचा जोड डिंक सुटल्यासारखा उकलला. आता माडाच्या झापांखाली ठेवतो. तळ अ‍ॅल्युमिनियमचा किंवा जाड हवेच्या गादीचा घ्या, पट्ट्यांचा नको. लाटेवर पट्ट्यांची बोट मधोमध वाकते, आणि मोटरची निम्मी ताकद त्या वाकण्यातच जाते. नळ्यांत हवा साधारण 0.25 बार. वाळूवर उन्हात भरलेली बोट टणक लागते, पण पाण्यात गेली की हवा गार होऊन ती मऊ पडते. म्हणून पंप बोटीतच ठेवा. उलट दुपारी किनाऱ्यावर जेवायला थांबलात तर थोडी हवा सोडा.

पेट्रोलकडे माझ्यासारखं दुर्लक्ष करू नका. हल्ली पंपावर मिळणाऱ्या ई-20 पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी शोषतं आणि टाकीत पडून राहिलं तर पाण्यासकट तळाला बसतं. गणपतीत भरलेलं पेट्रोल दिवाळीत वापरायचं नाही. टाकी आणि मोटरच्या मध्ये पाणी वेगळं करणारी गाळणी लावा. परत आल्यावर मोटर गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवा, मागून पिचकारी नीट येते का पाहा, मग नळी काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालू ठेवा. समुद्रावर जाताना पेट्रोलचे तीन वाटे: एक जायला, एक यायला, एक हात न लावण्यासाठी. वल्ही, नांगर आणि तिघांची लाइफ जॅकेट हे वेगळं सांगायला नको. मोटर बंद पाडणारी लाल दोरी मात्र मनगटाला हवीच. सकाळी मोटर बंद पडली तर मतलई वारा तुम्हाला आत समुद्रात नेतो, म्हणून नांगराचा दोर भरपूर ठेवा. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 फोनमध्ये घालून ठेवा.

कागदपत्रांचं: बोट घ्यायच्या आधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन या. 26 नोव्हेंबर 2008 ला अतिरेकी कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीशी उतरले ते मोटर लावलेल्या रबरी बोटीतूनच. अनोळखी माणसं अशी बोट घेऊन पुळणीवर आली की गावकरी आजही हटकतात, आणि हटकावंच. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे प्रवाळावर नांगर टाकू नका. मेअखेरीपासून नारळी पौर्णिमा होईपर्यंत बोट घरात.

घरात म्हणजे कशी, तेही सांगतो. गोड्या पाण्याने धुवायची, पूर्ण सुकवायची, टाल्कम पावडर मारून सैल गुंडाळायची. कालवांच्या खडपावर घासून पडलेली चीर पावसाळ्यात जोडायला बसू नका, दमट हवेत तो डिंक धरत नाही. ते काम जानेवारीत कोरडी हवा बघून. आणि गुंडाळी दोरीने वाशाला टांगा. जमिनीवर ठेवलेली माझी दुसरी बोट उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडली होती, तीही नेमकी घडीवर, म्हणजे उलगडल्यावर चार भोकं.