अमेरिकन सिव्हिल वॉरच्या छावणीतली कोरीव गोळी खरी कशी ओळखायची?

आधी चाकूच्या खाचेत बघा. मिनिए गोळी, म्हणजे त्या युद्धात रायफलमधून झाडली जाणारी गोळी, मऊ शिशाची असते, खिशातल्या साध्या चाकूनंही कापली जाते, त्यामुळे व्हर्जिनियात १८६२-६३ च्या हिवाळ्यासारखे महिनोन्‌महिने तळ पडले की सैनिक त्यातून बुद्धिबळाची प्यादी, फासे, गळाची वजनं असलं काय काय बनवायचे. जमिनीत राहून शिशावर पांढुरका थर चढतो, तो खाचेच्या आतपण हवा, आत चकचकीत दिसलं की कोरीवकाम आत्ताचं. दातांचे ठसे असले तर ‘ऑपरेशनच्या वेळी वेदना सोसायला सैनिकानं चावलेली’ म्हणून जास्त पैसे देऊ नका, बऱ्याचदा ती डुकरांनी चघळलेली असते. आणि प्लीज गोळी घासू नका, तो पांढुरका थर निघून जाईल! मेटल डिटेक्टर घेऊन अमेरिकेतल्या नॅशनल पार्कमधल्या रणभूमीवर तर अजिबात जाऊ नका, गुन्हा आहे, खाजगी जमिनीवरही मालकाला विचारूनच, आणि कुठे, किती खोल सापडली ते लगेच लिहून ठेवा.